पांढऱ्या मानेची पिसं

पिसाच्या टोकाला जरासा पिवळा डाग होता. विनीतनं फ्लाय खिडकीच्या उजेडात धरून फिरवला, अंगठ्यानं डाग घासून पाहिला... हळदच. खाऱ्या पाण्यात धुऊन जाईल, असं त्याच्या मनात आलं, आणि मग, हे आपल्या मनात इतक्या सहज यावं, याची त्याला शरम वाटली. वीतभर लांबीचा फ्लाय, म्हणजे माशासाठी बांधलेलं पिसांचं आमिष. जाड गळ, त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार लांब पांढरी पिसं, वरून मुकेशच्या दुकानातल्या चंदेरी जरीचे दोन धागे. पाण्यात ओढला की घाबरून पळणारा लहान मासा वाटतो. अंदमानच्या उथळ समुद्रातल्या त्या माजोरड्या जीटी माशाला फसवायला याच्यासारखं दुसरं काही नाही म्हणतात. असे सहा फ्लाय त्यानं स्वतः बांधले होते. सहा आठे अठ्ठेचाळीस. आणि जनी म्हणाली होती, "भाऊजी, चार घ्या हां. चारच."

चार पिसांत अर्धा फ्लाय होतो हे तिला काय ठाऊक.

सकाळी कौसाआत्याचा फोन आला तेव्हा तो गळाची लाइन निवडत होता — तरंगणारी न्यावी की हळूहळू बुडणारी — आणि खुशीत होता. सोमवारी विमान. वर्षभर रजा साठवून ठरवलेली ट्रिप. आत्या बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, पाड्यावर राहते. विनीतच्या वडिलांची धाकटी बहीण. तिचा आवाज बसला होता. गेल्या मार्गशीर्षात महिपतीमामा, म्हणजे तिचा नवरा, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं गावदेवीला पांढरा कोंबडा बोलला होता. बिनखोडीचा, एकही रंगीत पीस नसलेला. मामा उठला, हिंडायला लागला. उद्या रविवारी नवस फेडायचा. आणि आज खुराड्यातून काढून पाहते तर कोंबड्याची मान उघडी, कातडी दिसतेय.

"जनीनंच केलं रे," आत्या म्हणाली. "खुराडं तिच्या ताब्यात. मी इचारलं तर खाली मान घालून उभी. नाय म्हनत नाय, हो म्हनत नाय. मामाच्या जिवाची गोष्ट हाय ही, काय खेळ हाय? मी बोलले तिला. लय बोलले. गेली म्हाएरी पोरीला घेऊन."

जनी म्हणजे आत्याची सून. विनीतनं हातातली लाइन खाली ठेवली. आता सांगावं, आत्ताच — आत्या, तिनं नाही, मी... पण आत्या पुढचं बोलून गेलीसुद्धा. "तू बदलापुरात हायेस. बाजारात गावठी पांढरा मिळतोय का बघ. तुझ्याबिगर कोनाला सांगू?"

"बघतो," तो म्हणाला.

बघतो! फोन ठेवल्यावर त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. दुसरा कोंबडा आणून दिला की नवस फिटेल, मामाला काही होणार नाही, आत्या शांत होईल, जनी चार दिवसांनी परत येईल; बायका भांडतात आणि पुन्हा एक होतात. सगळं कसं नीट बसत होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो माल तपासतो. केसाएवढा ओरखडा असला तरी नग बाजूला काढतो, लाल खडूनं फुली मारतो, आणि ऑपरेटरला खडसावून विचारतो, कुणाच्या हातून झालं? त्याला या कामाचा अभिमान आहे. होता म्हणावं.

त्या दिवशी नक्की काय झालं होतं... गेल्या रविवारची दुपार. धरणाच्या काठावर रॉड फेकायचा सराव करून तो पाड्यावर आला. आत्या शेतावर. अंगणात तो कोंबडा, काय मान होती त्याची! बाहेरून मागवलेल्या पाकिटातसुद्धा इतकी लांब, निमुळती पिसं येत नाहीत. डोक्यावर हळद-कुंकू लावलेलं दिसत होतं. त्याला माहीत होतं. हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण माहीत नव्हतं असं म्हणायची फार सोय आहे. माहीत होतं, आणि तरी तो म्हणाला, "पिसं काय, परत येतात वहिनी." पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून जनीनं कोंबडा काखेत धरला. त्यानं चार उपटली. मग ती चहा टाकायला आत गेली, जाताना कोंबडा त्याच्याच हातात देऊन.

चहाला उकळी येईपर्यंत किती वेळ लागतो? तेवढ्यात चव्वेचाळीस.

दुपारी स्कूटर काढून तो उल्हासनगरला मुकेशकडे गेला. लीडरची, म्हणजे गळाजवळ बांधायची, जाड तार घ्यायची होती, कोंबडा परतताना. मुकेश सिंधी; त्याचं जरी-लेसचं दुकान, पण मागच्या कपाटात रॉड आणि रिळं; ट्रिप त्यानंच जमवलेली.

"साईं, बारा नंबरचा रॉडच घे," मुकेश म्हणाला. "दहावाला मोडेल. जीटी एकदम ट्रकसारखा जातो रे. आणि बार्ब दाबले का सगळे?"

"दाबलेत."

"बस. मग टेन्शन नाही. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. माशाला पण कळत नाही काय झालं."

बार्ब, म्हणजे गळाच्या टोकामागचा उलटा काटा, पकडीनं दाबून टाकला की गळ अलगद सुटतो, जखम राहत नाही. विनीत मान डोलावत होता आणि त्याच्या लक्षात आलं, सकाळपासून आपण एक वाक्य असंच तयार करतोय. 'आत्या, पिसं बहुतेक माझ्याकडून थोडी जास्त...' बहुतेक. थोडी. लागणार नाही, रुतणार नाही, अलगद सुटून येईल असं वाक्य.

दुकानाबाहेर येऊन त्यानं जनीला फोन लावला. कशाला लावला? तिची समजूत घालायला, की ती कुणाला काही बोलली नाही ना, हे बघायला... बघायलाच.

"बोला भाऊजी." आवाज नेहमीचा.

"वहिनी, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

ती म्हणाली, "धरला मीच होता ना. आन् पाहुण्याचं नाव कसं घेऊ? मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

"सांगणार आहे."

"हां," ती म्हणाली. त्या 'हां'मध्ये राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बदलापूरच्या बाजारात वेणू नावाची पाड्यावरची बाई कोंबड्यांचं डालगं घेऊन बसते. पांढरा एकच होता. तिनं पाय बांधून तो त्याच्या हातात दिला. "बघून घ्या, नवसाचा हाय तर." त्यानं मानेवरून उलटा हात फिरवला, एकही पीस रंगीत नाही, एकही तुटलेलं नाही. बोटांत पीस धरून त्यानं लांबी पाहिली, आणि वाटलं, याचे आठ फ्लाय होतील.

त्यानं हात मागे घेतला. वेणू बघत होती. तिला काही कळायचं कारण नव्हतं, तरी त्याचे कान तापले. म्हणजे हे असं आहे तर. त्या दुपारी आपला तोल गेला, एकदा झालं, नजर लागण्यासारखी मान होती — हे सगळं आपण रचलेलं. हात तोच आहे. आजही सगळं ठाऊक असून तो आधी तिकडेच गेला.

घरी येऊन त्यानं कोंबडा गॅलरीत ठेवला, पुढ्यात वाटीत तांदूळ टाकले. टेबलावर डबा उघडाच होता: खेकड्यांसारखे बदामी फ्लाय, कोळंबीसारखे गुलाबी, आणि सहा पांढरे. त्यानं पिवळ्या डागाचा तो फ्लाय हातात घेतला, डबा बंद करायला गेला आणि फोन वाजला.

"मिळाला का रे?"

"मिळाला."

"मान बघितलीस नीट?"

"बघितली."

"देव तुझं भलं करो रे बाबा. माज्या भावाचं लेकरू कामाला आलं. ती परक्याची पोर..." आत्याला हुंदका आला. "सून म्हनून आनली, तिला मामाच्या जिवाची कदर नाय."

आता फोनवर आत्याचा श्वास ऐकू येत होता, आणि गॅलरीत कोंबडा तांदूळ टिपत होता, ठक ठक. सकाळचं वाक्य त्याला आठवलं. 'बहुतेक' गळून गेलं. 'थोडी' गळून गेलं. उरलं ते फारच लहान होतं, आणि त्यात विनीत नव्हता, तो नव्हता, त्या दुपारी तिथं हजर असलेला कुणी पाहुणा नव्हता, मी होतो. मी उपटली. जनी चुलीपाशी होती आणि मी उपटत होतो, आणि कोंबडा ओरडू नये म्हणून मी त्याची चोच धरली होती... हे तर मी आजवर मला स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"आत्या," मी म्हणालो, "मामाला जरा फोनजवळ बसव. तूही बस."

"का रे? काय झालं?"

डाव्या हातात अजून तो फ्लाय होता. माझी बोटं हळदीनं पिवळी झाली होती.