कॅलेंडरमागचा परवाना

ज्या कोणी वॉर्सात बसून हा कायदा केला, त्याने आयुष्यात एक दिवसही खेड्यातलं दुकान चालवलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. रविवारी दुकानं बंद. उघडायचंच असेल तर मालकाने स्वतः गल्ल्यावर बसायचं, नोकर बसवला की दंड. पुढे एवढी सूट आली की मालकाच्या घरच्यांनी पगार न घेता हात लावला तर चालेल.

आमचं या कायद्याने भलंच झालं, खोटं कशाला बोलू. हमरस्त्यावरचं मोठं दुकान कुलपात गेलं, आणि रविवारची प्रार्थना सुटली की अर्धं ओल्शानी गाव आमच्या दारात. बायकांना सूपसाठी विसरलेली गाजरं हवीत, पुरुषांना बिअर, आणि ज्यांच्यावर बायकोची नजर आहे त्यांना माकड. माकड म्हणजे कोटाच्या खिशात मावणारी व्होडकाची बाटली. आठवड्याची निम्मी विक्री त्या एका सकाळी होते.

दुकान सासूबाईंचं, गेनोवेफा त्यांचं नाव. अकरा वर्षांपूर्वी राडेकशी लग्न करून मी दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. राडेक आता सहा वर्षं नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात आहे, नाताळला येतो. पहाटे चारला पाव उतरवून घ्यायचे, बिअरचे खोके रचायचे, उरलेली साय घरी खपवायची, सगळं माझ्याकडे. सासूबाई रविवारी गल्ल्यामागे खुर्ची टाकून विणत बसायच्या. "मी कायदा, ही काम," असं गिऱ्हाइकांना सांगायच्या. लोक हसायचे. मीही हसायचे.

एकदा मी म्हटलं, "आई, दुकान माझ्या नावावर करून टाका ना. मग मीच मालकीण, मीच गल्ल्यावर. तुम्हाला बसायला नको."

"अगं, सगळं तुझंच तर आहे," त्या म्हणाल्या. "घरच्या घरात कागद कशाला नाचवायचे?"

मला ते गोड वाटलं. मी मूर्ख होते, दुसरं काय.

या ईस्टरनंतर त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. म्हणे, गुडघे. "आता घरच्यांना चालतं ना? मग तू बस. तू काय परकी आहेस?" त्याच आठवड्यात त्यांनी चर्चचं, मेरीमातेच्या चित्राचं कॅलेंडर आणलं आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर अडकवलं, नेमकं दारूच्या परवान्याच्या चौकटीवर. मी म्हटलं, "अहो, परवाना झाकला." तर म्हणाल्या, "मेरीमातेला बघत लोक कमी पितील." मग पुढे चार महिने मी तिच्याच तोंडासमोर माकडं विकली.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी वर सूप मंद आचेवर ठेवून मी सातला दुकान उघडलं. दहाच्या सुमाराला एक सर्दी झालेला गृहस्थ आला. त्याने एक माकड घेतलं, पावती घेतली, आणि मग खिशातून ओळखपत्र काढलं. कामगार तपासणी. आमच्याकडे असं कोणीतरी फोन केल्याशिवाय होत नाही, पण कोणी केला ते मी आजवर शोधलेलं नाही.

"तुम्ही इलोना?" त्याने विचारलं.

"इलोना माझी नणंद. ती ब्यावीस्टोकला असते. मी यागोदा, इथली सून. मालकीण माझ्या सासूबाई, त्या चर्चला गेल्यात."

त्याने हातातला छापील कागद पाहिला. मग मला पाहिलं. "नोंदणीत मालक म्हणून इलोना आहे. दारूचा परवाना दाखवता?"

"चूक असेल तुमच्या कागदात," मी अगदी ठसक्यात म्हणाले. त्या चौकटीचा खिळा मीच ठोकला होता, त्यावरचं नाव मला पाठ होतं. मी कॅलेंडर काढून गल्ल्यावर ठेवलं.

चौकट तीच होती. आतला कागद नवा होता. एप्रिलची तारीख, आणि नाव इलोनाचं.

मी तो दोनदा वाचला. चार महिने तो माझ्या डोक्यामागे होता आणि मी त्याच्याखाली उभी राहून पाव विकत होते. त्या माउलीने माझा केसाने गळा कापला होता, आणि वर देवाचं चित्र टांगलं होतं.

"सूनबाई," तपासनीस नाक पुसत म्हणाला, बिचारा वाईट माणूस नव्हता. "घरचे म्हणजे कोण, त्याची कायद्यात यादी आहे. नवरा-बायको, मुलं, आई-बाप, भाऊ-बहीण, नातवंडं, आजी-आजोबा. तुम्ही मालकिणीच्या भावाची बायको. भावजय त्यात नाही."

"आणि मालकीण सासू असती तर?"

"सूनही नाही."

मी ती यादी कधी वाचलीच नव्हती. सासूबाई म्हणाल्या घरची, म्हणून मी घरची.

तेवढ्यात प्रार्थना सुटली. आधी काझिककाका आले, चर्चमधून धावत येण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. "यागोदा, आधी माझं माकड दे, मग तुझं कायद्याचं चालू दे." मागोमाग पाच-सहा बायका. आणि त्यांच्यात सासूबाई, चांगल्या टुणटुणीत, गुडघे ठणठणीत.

त्यांनी गल्ल्यावरचं कॅलेंडर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे, आई?" मी विचारलं.

त्यांनी मला फ्रीजच्या कोपऱ्यात ओढलं. "राडेकला विचारूनच केलं. तोच म्हणाला, तुला आत्ताच सांगू नका, मनाला लावून घेशील."

राडेकला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो आणि तो विचारतो, विक्री कशी झाली. मी त्याला सगळं सांगायची, अगदी किती खोके संपले इथपर्यंत. त्याला माहीत होतं. सासूबाईंचं मला एवढं लागलं नाही जेवढं हे लागलं.

"पण का?"

"उद्या तुमचं दोघांचं बिनसलं, तर दुकान परक्याच्या हातात जाईल. लेक ती शेवटी लेक, पोटची. तू शहाणी आहेस, समजून घे. आत्ता त्याला सांग की कुलूप तू आपल्या मनाने उघडलंस. आजच, पहिल्यांदाच."

"पहिल्यांदा? बाहेर अख्खं गाव उभं आहे, आई."

तपासनीसाने हाक मारली. दंड मालकाला होतो, हजारपासून लाखापर्यंत, असं तो बायकांच्या देखत सांगत होता. लाख ऐकल्यावर सासूबाई माझा हात सोडून तरातरा पुढे गेल्या. आवाज एकदम लोण्यासारखा.

"साहेब, कसली सून? काहीतरी घोटाळा झाला तुमचा. ही माझी मुलगी आहे. इलोनाची बहीण. बहीण बहिणीला मदत करते, यात गुन्हा काय?"

काझिककाका आपल्या बुटांकडे बघू लागले.

अकरा वर्षं मी या शब्दाची वाट पाहिली होती. माझ्या नामदिनाला, आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच, केक कापतानासुद्धा त्या पाहुण्यांना सांगायच्या, ही आमच्या राडेकची बायको. मी मनात म्हणायची, होईल हळूहळू, म्हणतील कधीतरी. फ्रीजच्या कोपऱ्यात मी परकी होते, तिथून गल्ल्यापर्यंत चार पावलं, तेवढ्यात मी मुलगी झाले.

तपासनीस माझ्याकडे वळला. "खरं आहे का? तुम्ही यांच्या मुलगी?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. इतक्या मायेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. एक "हो" म्हटलं असतं तर संध्याकाळी आम्ही तिघी एका टेबलावर सूप प्यायलो असतो, इलोनालाही बोलावून घेतलं असतं त्यांनी. आणि "नाही" म्हटलं तर वरच्या दोन खोल्यांत माझं काय राहणार, हेही मला कळत होतं. मला रडू येत होतं, पण रागच मोठा होता.

मी कॅलेंडर घडी घालून त्यांच्या हातात दिलं, दुकानाच्या किल्ल्या त्यावर ठेवल्या.

"सून," मी तपासनीसाला म्हणाले. "लिहा. दर रविवारी सात ते दोन."

"यागोदा, बाळा," सासूबाई पुटपुटल्या.

"आणि पगार नाही," मी म्हणाले. "तेही लिहा."