मावशीची रिकामी ओळ

"हेही पुसा," मास्तर म्हणाले, आणि फळ्यावरचं सातवं वाक्य गेलं.

मालिकेतल्या मावशीचा भाचा सहा वर्षांनी तिच्याकडे जेवायला येतो आणि इतके दिवस का आलो नाही याचं लांबलचक गुऱ्हाळ लावतो. त्यावर मावशी काय म्हणते, एवढंच अडलं होतं. सकाळपासून तिघं त्या एका ओळीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. मास्तर लेखकांचे प्रमुख. पूर्वी शाळेत गणित शिकवत, म्हणून अजूनही खडू-फळ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. वकिलानं वकिली सोडली होती, पण विनोदाची उलटतपासणी घेतल्याशिवाय तो हसत नसे. आणि फळ्यापाशी उभी ताई, पन्नाशी ओलांडलेली. मावशीच्या तोंडचं लिहायचं झालं की दोघं आपसूक तिच्याकडे बघत.

कारण मावशीची वाणी ताईच्या आईची होती. आईनं जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि बोलतानाही शब्द बेतूनच बोलली. 'बोलणं गजभर, शिवण वीतभर.' 'सुई हरवली तर घर झाडावं, माणूस हरवलं तर मन झाडावं.' अकरा वर्षं ताईनं हे सारं ओंजळीओंजळीनं लेखकांच्या या खोलीत आणलं. आई टीव्हीपुढे बसून म्हणायची, "माझंच मला ऐकवतेस होय गं? वर ती बाई माझ्यापेक्षा ठसक्यात बोलते."

तीनला फोन वाजला. ताईचे हात खडूनं माखलेले, म्हणून तिनं तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला. रोज या वेळी शेजारच्या काकू आईजवळ फोन धरत.

"आई, जेवलीस?"

"झालं का गं तुझं?"

"गोळी घेतलीस ना?"

"झालं का गं तुझं?"

"सहाला येते मी."

"झालं का गं तुझं?"

फोन बंद झाला तेव्हा वकील पोट धरून हसत होता. "ताई, सापडलं. तो रडगाणं गातोय, आणि ही दर वेळी एवढंच. झालं का रे तुझं?"

मास्तरांनी दुसरा खडू उचलून लिहूनही टाकलं. "तीनदाच. चौथ्यांदा ताणल्यासारखं होईल."

"तिसऱ्यांदा विचारताना," ताईच्या तोंडून निघून गेलं, "तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचलावं. अर्ध्या घासावर."

वर्षातून दोनदा हसणारे मास्तरही हसले. अकरा वर्षांची खोड होती ती. एकानं वीट ठेवली की दुसऱ्यानं तिच्यावर आपली ठेवायची, खाली काय दबतंय ते न बघता. मग हसू ओसरलं, आणि फळ्यावर आई उरली.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी आईची वाचा गेली. सगळे शब्द गेले, हे एक वाक्य मागे राहिलं. भूक लागली तरी तेच, दुखलं तरी तेच. ताई लहानपणी अभ्यासाला बसली की शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवून आई हेच विचारायची. लेकीचं झाल्याशिवाय आपलं ताट वाढून घ्यायची नाही. खोलीत मात्र ताईनं एवढंच सांगितलं होतं, आईला बरं नसतं.

तिनं डस्टर उचललं.

"ताई, नियम," मास्तर म्हणाले.

फळ्यावर चढलं ते खोलीचं; पुसायचं तर बदल्यात दुसरं द्यायचं. नियम तिनंच कधीकाळी घालून दिला होता.

"दुसरं नाही माझ्याकडे."

"मग राहू द्या की. सोनं आहे ते."

"आईकडेही दुसरं नाही, मास्तर. तिच्या जिभेवर एवढंच उरलंय. बाकीचं सगळं मी आधीच इथं आणून दिलं."

वकिलानं उलटतपासणी घेतली नाही. तो उठला, तिच्या हातातलं डस्टर घेतलं, ओळ पुसली. नुसतं 'मावशी' तेवढं ठेवलं. पुढची जागा काळीभोर.

"बदली मी देतो," तो म्हणाला. "मावशी काहीच बोलत नाही. बघत राहते."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "चालेल. आणि ताट?"

"ताट राहू द्या," ताई म्हणाली. "जेवू दे त्याला."

पंधरवड्यानं तो भाग लागला. ताई आईला उशांचा टेकू देऊन शेजारी बसली होती. पडद्यावर भाचा बोलला, रडला, थांबला. मावशी बघत राहिली. ठरल्याप्रमाणे शांतता पसरली.

आणि त्या रिकाम्या जागेत, ना क्षणभर आधी ना क्षणभर उशिरा, आई पडद्याकडे बघत म्हणाली, "झालं का रे तुझं?"

गं नाही. रे.

ताईनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि आईच्या तोंडाशी कान नेऊन बसली, आणखी काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. पडद्यावर भाचा मुकाट जेवत होता. मग ती उठली, आणि दोघींची ताटं एकदमच वाढून घेऊन आली.