टरफलं

आईच्या चिमटीत अर्धं टरफल — हिरवं, गुळगुळीत, आत पांढऱ्या भुकटीचा कण चिकटलेला... दुसरं अर्धं, काळं, तिने केव्हाच मोरीच्या भिंतीपलीकडे भिरकावलं होतं. कॅप्सूलचं टरफल म्हणे हाडांपासून करतात. ते पोटात जाऊ द्यायचं नाही. भीतीवरचं औषध मात्र गेलंच पाहिजे. म्हणून आई रोज सकाळी कॅप्सूल उघडते, भुकटी तुळशीच्या पानावर घेते, आणि नंतर राखेने हात घासते.

"जीभ काढ," आई म्हणाली.

शोभाने जीभ काढली. चोवीस वर्षांची घोडी आणि जीभ काढून उभी — तिला स्वतःचीच किळस आली. कडूजहर. तासाभरात छातीतली धडधड बसते हे खरं, पण तिच्याबरोबर बाकीचंही सगळं बसतं. गेल्या आठवड्यात सदाशिवरावांचा चेहरा आठवूनही मळमळलं नाही, आणि त्या न मळमळण्याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली होती.

सदाशिवराव, थोरले दीर. यवतमाळच्या घरी पाणी दिलं की पेल्यासकट बोटं धरून ठेवायचे. मग माजघराच्या अंधारात... मी सांगितलं होतं गं आई, इथं उमरखेडला आले त्याच दिवशी, याच मोरीपाशी. तू म्हणालीस, कोणाजवळ बोलू नको. हाडाचा एवढा विटाळ, आणि त्याच्या हातांचा —

"गिळलं?"

शोभाने तोंड मिटूनच मान हलवली. आई राख घ्यायला वळली.

ओसरीवर तिचा नवरा वामन बसला होता. बायको बरी झाली असली तर उद्या घेऊन जाऊ, म्हणून सकाळच्या एस.टी.ने आला होता. आल्याआल्या त्याने कौतुकाने सांगितलं, ही औषधं सदाशिवदादांनीच नागपूरच्या डॉक्टरांना विचारून पाठवली. घरात तिची खरी काळजी त्यांनाच. तीन महिने. तीन महिने रोज सकाळी जीभ काढून ती त्या माणसाने पाठवलेलं चाटत होती...

ती मागच्या दाराने भिंतीपलीकडे गेली. तिथे टरफलांचा सडा पडला होता, दवाने चिकट, मातीने माखलेला. जिभेखाली धरून ठेवलेली भुकटी ती त्यांच्यावर थुंकली. पुन्हा थुंकली. घशात उतरलेलं काही वर आलं नाही, कडवटपणा तेवढा राहिला.

मग तिने चहा नेला. कप बशीवर खुळखुळत होता. कालचा दिवस असता तर तिने दुसऱ्या हाताने बशी धरली असती.

"अजून हात कापूनच राह्यला तुझा," वामन म्हणाला. "काहून? आता कायले भ्यायचं?"

चहा बशीत सांडत होता. काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे तिला अजून उमगत नव्हतं. पण पोटातून मळमळून येत होतं, पहिल्यासारखं, आणि तिला बरं वाटत होतं. तिने दुसरा हात लावला नाही.