वजा एकाहत्तर

माणसं खोटं बोलतात, डोळे खोटं बोलतात, प्रसंगी देवमाणसंही खोटं बोलतात. काटा तेवढा कधी खोटं बोलत नाही. अखिल मानवजातीने एवढं ध्यानात ठेवलं तर जगातले निम्मे तंटे मिटतील, असं साहेबांनी त्या रविवारी सकाळी जाहीर केलं. मानवजातीपैकी त्या वेळी एकट्या काकू हजर होत्या. त्या म्हणाल्या, "काट्यावरून उतरा आधी. मला फरशी पुसायचीय."

साहेब वजनमापांचे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनं तपासली आणि दरवर्षी ती नव्याने पडताळून छाप मारून न घेणाऱ्या कित्येकांना दंड केला. "लोखंडाचंसुद्धा वजन बदलतं," हे वाक्य ते दंडाच्या पावतीबरोबर फुकट देत. निवृत्तीनंतर तपासण्याजोगं घरात उरलं होतं ते एक कुत्रं.

त्याचं नाव पावशेर. आला तेव्हा कोटाच्या खिशात मावला होता म्हणून. पुढे त्याचं बावीस किलोचं झिपरं धूड झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. संध्याकाळी साहेब गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "पावशेर" अशी हाक मारत, तेव्हा कोपऱ्यावरची भाजीवाली विचारायची, "कशाचं?" नऊ वर्षं ती हाच विनोद करत होती आणि नऊ वर्षं साहेब हसत नव्हते.

पावशेरचं वजन दर रविवारी व्हायचं. काट्यावर एकटं उभं राहणं त्याला मान्य नव्हतं. म्हणून साहेब त्याला कडेवर घेऊन स्वतः काट्यावर चढत, त्याच्या झिपऱ्यांवरून मान लांब करून आकडा वाचत, त्यातून एकाहत्तर वजा करत आणि उत्तर वहीत लिहीत. एकाहत्तर हे साहेबांचं वजन. नोकरीतल्या प्रत्येक वैद्यकीय तपासणीत ते तेवढंच भरलं होतं, त्यामुळे ते पुन्हा बघायची गरज त्यांना कधी पडली नाही. त्र्याण्णव वजा एकाहत्तर, बावीस. साहेब वही मिटत आणि आठवडाभर निश्चिंत राहत.

काकूंचा विश्वास काट्यापेक्षा हातावर होता. दुपारी त्या पावशेरचे केस विंचरायला बसत.

"अहो, याच्या बरगड्या लागतात हो हाताला."

"बावीस," साहेब वर्तमानपत्रातून म्हणाले.

"पाणी किती पितो बघा. दोनदा भांडं भरलं सकाळपासून."

"उकाडा आहे. मीही पितो."

"तुमच्या बरगड्या नाही दिसत. एकदा डॉक्टरांकडे नेऊ या म्हणते मी."

साहेबांनी वही आणून उघडली. सतरा रविवार, सतरा वेळा बावीस. "हे बघ. डॉक्टर तरी काय करणार, वजनच करणार ना?"

काकूंनी वहीकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. "खातो तरी नीट?"

"वाटी बघ की."

वाटी लख्ख होती.

त्या वाटीची हकीकत अशी. गेल्या चार महिन्यांत पावशेरचं खाण्यावरचं मन उडालं होतं. मऊ भात, उकडलेली कोंबडी, भोपळा, सगळं त्याच्या पुढ्यात यायचं. तो वास घ्यायचा, साहेबांकडे बघायचा आणि एखाद्या तक्रारखोर पाहुण्यासारखा तोंड फिरवायचा. मग साहेब गुडघ्यांना धरून खाली बसायचे आणि वाटीतला एक घास स्वतः खायचे. "बघ, मी खाल्ला. आता तू." पावशेर भिडेखातर एखादा घास घ्यायचा. मग साहेबांचा दुसरा, त्याचा नाही, साहेबांचा तिसरा. उरलेलं टाकून दिलं असतं तर काकूंना दिसलं असतं, आणि काकूंचा रडवेला चेहरा साहेबांना सोसत नसे. शिवाय टाकलं की कुत्रं खात नाही हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. वाटी रिकामी झाली, हे विधान खरंच होतं. कोणी केली, एवढा तपशील साहेबांनी गाळला होता. अशी विधानं ऐकून घेण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती.

एका सोमवारी पावशेर अंगणातल्या दोन पायऱ्या चढता चढता बसला आणि त्याने नुसतं पाणी ओकलं. काकूंनी वही बघायला मागितली नाही. त्यांनी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात जमिनीलगत एक रुंद पत्र्याचा काटा होता. पावशेर त्यावर उभा राहिला. विरोध करण्याइतका जीवच नव्हता त्याच्यात. डॉक्टर तरुण होत्या, सगळ्यांना काका-काकू म्हणणाऱ्या. त्यांनी आकडा वाचला. "सोळा पॉइंट चार."

साहेबांच्या चेहऱ्यावर व्यवसायबंधूंना दाखवायची सहानुभूती आली. "डॉक्टर, काटा बिघडलाय तुमचा. साडेपाच किलोचा फरक दाखवतोय. शेवटचा तपासून कधी घेतला?"

"गेल्याच महिन्यात, काका."

"शक्य नाही. थांबा, मी दाखवतो. मी बरोबर एकाहत्तर आहे." आणि कुत्र्याला काकूंच्या हाती देऊन साहेब काट्यावर उभे राहिले.

शहात्तर पॉइंट सहा.

साहेबांनी बेरीज केली. इतकी सोपी बेरीज त्यांनी आयुष्यात इतकी सावकाश केली नव्हती. सोळा पॉइंट चार आणि शहात्तर पॉइंट सहा. त्र्याण्णव. काटा अचूक होता. घरचाही अचूक होता. पावशेर जितका उतरत गेला तितके साहेब चढत गेले, आणि दर रविवारी दोघं मिळून त्र्याण्णवच भरत राहिले. सगळ्या घरात पडताळणी न झालेलं वजन एकच होतं आणि ते आता दवाखान्याच्या काट्यावर चपला काढून उभं होतं.

रक्ताची तपासणी झाली. मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती.

"केव्हापासून बारीक व्हायला लागला?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. आता काकू सांगणार, सतरा दुपारींचं सगळं सांगणार, आणि सांगावंच, असं त्यांना वाटलं.

"लक्षातच आलं नाही आमच्या," काकू म्हणाल्या.

ते 'आमच्या' साहेबांना थपडेपेक्षा जोरात लागलं. त्यांनी विचारलं, "सुरुवातीलाच आणला असता तर?"

डॉक्टर पेनाचं टोपण शोधत राहिल्या. "पथ्य, औषधं सुरू केली असती. वर्ष-दीड वर्ष मिळालं असतं कदाचित. नक्की कोणी सांगू शकत नाही, काका."

पुढचे सहा दिवस घरीच सलाईन. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे साहेब पावशेरच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई घालत, काकू बाटली उंच धरून उभ्या राहत. पावशेर कुरकुरत नसे. त्याने कुरकुरावं, चावावं, असं साहेबांना फार वाटे. चौथ्या दिवशी बाटली अर्धी झाली असताना ते म्हणाले, "वाटी मी संपवत होतो."

काकू थेंबांकडे बघत होत्या. "रोज?"

"रोज."

"मीठ नसायचं त्यात."

"नसायचं."

"माझ्या हातून चिमूटभर कमी पडलं तर ताट सरकवता तुम्ही." त्यांनी बाटली दुसऱ्या हातात घेतली. "कसं खाल्लंत हो?"

साहेब सुईजवळची कातडी नीट करू लागले. काकूंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

सातव्या दिवशी दुपारी पावशेरने मान उचलायचं सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, आता त्याला त्रास देण्यात अर्थ नाही. त्याला दवाखान्यातल्या टेबलाची भीती वाटायची, म्हणून साहेब फरशीवर मांडी घालून बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. काकू येताना फणी घेऊन आल्या होत्या. त्या कानामागचा गुंता सोडवत होत्या, जणू त्याला कुठे बाहेर जायचं आहे.

"औषधासाठी वजन धरावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पंधरा धरू ना अंदाजे?"

अंदाजे हा शब्द कोणी उच्चारला म्हणून साहेबांनी एके काळी दुकानं बंद करवली होती.

"धरा," ते म्हणाले.

सुई गेली. पावशेरने एकदा लांब श्वास सोडला आणि मांडीवरचा भार तेवढाच राहिला, गुंजभरही बदलला नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली आणि हलकेच मान हलवली.

काकूंचा हात थांबला नाही. तो गुंता सुटला, तरी त्या विंचरत राहिल्या. बाहेर कोणाचं तरी मांजर टोपलीत ओरडत होतं. साहेब कुत्र्याच्या पाठीवर पंजा ठेवून बसले होते. बोटांखाली एकेक बरगडी मोजता येत होती. डॉक्टर गुडघ्यांवर बसून थांबल्या. अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी मान वर केली, घसा खाकरला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "जरा हात देता का? पायाला मुंग्या आल्यात."