कोणीच न उघडलेली फाईल

कोणाच्या कोडवर कोणी काय शेरे मारले, याचा सारांश रोज सकाळी साहेबांना आणि सगळ्या टीमला पाठवायचा, म्हणजे टीमच्या प्रमुखबाईच्या डोक्याला ताप होता. शेवटी वैतागून तिने, कोडची एक ओळही न लिहिता, स्क्रीनवर चौकटी ओढून, त्यांना बाण जोडून एआयलाच या कामाला जुंपलं. शेरा मारण्याआधी कोडची फाईल खरंच कोणी उघडली, तेही बघायला सांगितलं.

पहिला सारांश सगळ्यांच्या स्क्रीनवर झळकला: ‘उस्तादांच्या कोडला सगळ्यांनी उत्तम म्हटलं आहे. फाईल मात्र कोणीच उघडलेली नाही.’

ऑफिसात जो तो मान खाली घालून कीबोर्ड बडवू लागला. उस्ताद म्हणजे तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर. त्यांच्या कामात खोट काढायची कोणाची छाती नव्हती.

“अगं, बंद कर ते!” तिच्या शेजारी बसणारा सहकारी कुजबुजला.

“का म्हणून? खोटं काय बोललंय ते?” ती कडाडली.

उस्ताद उठून तिच्या टेबलापाशी आले. “तरीच! मी म्हटलं, मी कधी चुकत कसा नाही!”

दुसऱ्या दिवशीच्या सारांशात त्यांच्या कोडवर चांगल्या पानभर तक्रारी होत्या. उस्तादांनी त्या छापून घेतल्या आणि पहिला नंबर आलेल्या पोरासारखे ते टेबलाटेबलावर दाखवत सुटले, “हे बघा, वाचलं! माझं वाचलं!”