बत्तीसनंतर एकोणपन्नास

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं कटिंग मशीनखाली गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा बाइंडर. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत आम्ही तिघं. चर्चची चाळीस प्रार्थनापुस्तकं नुकतीच बांधायला आली होती. छापील कागदांच्या थप्प्या भिंतीशी तशाच पडून राहिल्या.

जखम भरत आली तरी बाबा पुढच्या खोलीत पाऊल टाकेनात. भिंतीकडे तोंड करून पडून असत. "ज्यानं हात दिले त्यानंच काढून घेतले. मशीन विकून टाक," एवढंच म्हणत.

"विकायचं तर विकू," आई म्हणाली. "पण चाळीस पुस्तकं कबूल केलीत ना?"

घड्या आई घालायची. सोळा पानांचा एक फर्मा. फर्म्यांचे ढीग टेबलावर क्रमानं मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा. एक फेरी म्हणजे एक पुस्तक. फेऱ्या आणि शिलाई माझ्याकडे आली. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्यापेक्षा थोडी खाली. क्रम बरोबर असला की पुस्तकाच्या पाठीवर जिना दिसतो. बाबांनी शिकवलं होतं, "ठमाकाकू, आधी जिना बघायचा, मग सुई हातात घ्यायची."

पहिलं पुस्तक मी जिना न बघताच शिवलं. एक प्रत जादा होती, म्हणून आईनं त्याला पुठ्ठा चढवून ते घरात ठेवलं. दुसऱ्या पुस्तकाचा जिना मात्र मोडलेला दिसला. पहिल्या फेरीच्या आधी जेवणासाठी टेबल मोकळं केलं होतं, तेव्हा तिसरा आणि चौथा ढीग मीच अदलाबदल करून ठेवला होता. ढीग नीट लावले. पहिल्या पुस्तकाबद्दल बोलायचा धीर झाला नाही, आणि संध्याकाळी आई नेमकं तेच घेऊन बाबांच्या खाटेशी बसली.

आजाऱ्यासाठीची प्रार्थना बत्तिसाव्या पानावर. "हे दयाळू पित्या, या तुझ्या लेकराकडे पाहा. दुखण्यात त्याला धीर दे आणि त्याच्या..." आईची नजर समोरच्या पानावर गेली. ते होतं एकोणपन्नास. "हातांना तू जे काम दिलेस, त्याबद्दल आम्ही मनापासून तुझे आभार मानतो."

मी दारातूनच ऐकत होते. आई किंचित थबकली, मग "आमेन" म्हणाली.

"आभार? कसले आभार?" बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले.

"पुस्तकात आहे ते वाचलं."

"असं नाहीये ते."

"तुम्हाला कधीपासून प्रार्थना पाठ? उपासनेत तर डुलक्या काढता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. बाबा रोज चिडायचे, आई रोज वाचायची. चुकीची प्रार्थना देवापर्यंत पोचते का, की पत्ता चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी जाते? रविवारी मी पाळकसाहेबांना गाठलं.

"देवाला मन कळतं, बाळ."

"कुणाचं? वाचणाऱ्याचं की शिवणाऱ्याचं?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला विचारलं, "हिला ताप आहे का?"

आठव्या दिवशी "आमेन" व्हायच्या आत बाबा उठून बसले. "त्या चाळीसांतलं एखादं पुस्तक आण. नको, मीच बघतो." आणि कित्येक दिवसांनी ते पुढच्या खोलीत आले.

पुठ्ठा न चढवलेलं एक पुस्तक उचललं. पाठीवरचा जिना बघितला. बत्तीस, मग तेहेतीस: "शरीराला पुन्हा बळ दे." ते वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता संपलं, असं मला वाटलं. पण त्यांचा अंगठा टाक्यांवरून फिरत होता.

"हे कुणी शिवलं? दोन महिन्यांत पानं हातात येतील."

"मी."

"दिसतंयच."

ते खुर्चीत बसले, माझे टाके उसवले आणि डाव्या हातात सुई घेतली. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी पुस्तक दाबून धरलं. सुई तीनदा पडली. तिन्ही वेळा त्यांनी ती स्वतःच वाकून उचलली. आई पुस्तक छातीशी धरून दारात उभी होती.

चाळीस पुस्तकं महिनाभर उशिरा गेली. मशीन विकलं नाही.

आई बाइंडरची बायको, पानांचे आकडे तिला दिसले नसतील? ती म्हातारी झाल्यावर मी एकदा विचारलं. "तेव्हा माझ्याकडे मागायला शब्दच उरले नव्हते गं," ती म्हणाली. "पुढे जे आलं ते वाचलं. पहिले सात दिवस तोंडानंच. आठव्या दिवशी ते मला खरं वाटायला लागलं." हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

पुढे घरातल्या त्या पहिल्या पुस्तकाचा पुठ्ठा झिजला. बाबांनी ते उसवलं तेव्हा मी शेजारीच होते. मोडलेला जिना दोघांनाही दिसला. वाटलं, आता क्रम लावतील. त्यांनी तसंच्या तसं शिवायला घेतलं.

"बाबा, जिना..."

"दिसतोय मला. दोरा दे."

ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून रोज उघडते. बळ मागायची ओळ त्यात खूप पुढे, चौसष्टाव्या पानानंतर येते. तिथवर पोचेपर्यंत मी आभार मानून बसलेली असते. मग मागावं की पुस्तक मिटावं, हे मला अजून उमगलेलं नाही.