दोन छोट्या शिट्ट्या

मी शिट्टी बोलतेय. एरवी मला एकच शब्द येतो आणि तोही किंचाळून, त्यामुळे मी अशी सावकाश बोलायला लागले की लोकांना खरं वाटत नाही. पण आज जरा बसा. मला बाईंबद्दल सांगायचंय, आणि ते फुंकर मारून सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्रानं पत्रा वाकवला, दुसऱ्यानं जोडला आणि एका म्हाताऱ्या कामगारानं माझ्या पोटात बुचाची बारीक गोळी टाकली. ती गोळी नाचली की मी वाजते. प्रत्येक शिट्टी तो एकदा फुंकून बघायचा. मला फुंकल्यावर म्हणाला, "ही जरा जास्तच तोंडाळ निघाली." ते मी अजून विसरलेले नाही.

खेळाच्या सामानाच्या दुकानातून बाईंनी मला नेलं. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. खांदे रुंद, केस कायम ओलसर. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांना नि मुलींना शिकवायची नोकरी त्यांना नुकतीच लागली होती. नवरा वारलेला, पदरात चार वर्षांची लेक. तिला घरी ठेवणार कुणाकडे? लेक तलावाच्या पायरीवर बाहुली घेऊन बसायची आणि मी बाईंच्या गळ्यात असायची. आम्ही दोघी बरोबरच वाढलो म्हणा ना.

बाईंची माझ्यातून बोलायची भाषा सोपी होती. एक लांब शिट्टी म्हणजे मुकाट्यानं पाण्याबाहेर. दोन छोट्या म्हणजे 'मी बघतेय, तू पोह.' बाकी काही नाही. घर आणि ऑफिस एका हाती चालवणाऱ्या धडधाकट बायका तिथे काठाला धरायला बसवलेल्या नळीला घोरपडीसारख्या चिकटून बसायच्या.

"बाई, बुडले तर?"

"मग मी इथे काय माशा मारायला उभी आहे?" बाई म्हणायच्या. "पाण्याशी भांडू नका. श्वास सोडा. सावकाश. घाई कुणाला आहे?"

मग दोन छोट्या शिट्ट्या, आणि ती बाई नळी सोडायची. कशी सोडायची ते मला आजही नीट कळलेलं नाही.

पाण्यामुळे बाईंचे कान सारखे दुखायचे. रोज घरी आल्या की खिडकीतल्या डबीतून कापूस काढायच्या, बोटांत घट्ट पीळ देऊन त्याची वळी करायच्या, टोक दुमडायच्या आणि कानात घालायच्या. दुसऱ्या कुणी करून दिलेली वळी त्यांना चालायची नाही. "ही काय वळी आहे? हा तर ढग आहे," म्हणून परत करायच्या.

लेक शाळेतून येताना कोपऱ्यावर दिसली की खिडकीतून दोन छोट्या शिट्ट्या ठरलेल्या. लेक वैतागायची. "आई, सगळे हसतात गं."

"हसू देत. त्यांना घरी कुणी बघत नसेल."

माझी एक फजिती सांगते, म्हणजे तशी बाईंचीच. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना वरची कवळी बसली. एकदा काठावरून धावणाऱ्या मुलीवर त्यांनी मला असं जोरात फुंकलं की मी निघाले बाहेर आणि माझ्याबरोबर कवळीही. ती थेट पाण्यात. बारा बायका काठाशी गोळा झाल्या. बाई हातानं तोंड झाकून म्हणाल्या, "बघताय काय, शोधा." तीन आठवडे पाण्यात तोंड घालायला तयार नसलेल्या एका पोस्टातल्या बाईंनी तळातून ती कवळी वर काढली. बाईंनी कवळी धुतली, बसवली आणि सांगितलं, "चला, तुमची परीक्षा झाली."

पुढे बाई निवृत्त झाल्या. लेक पावाच्या कारखान्यात लागली होती. भल्या पहाटे जायची ती दुपारी दोनला पीठ माखलेल्या हातांनी परत यायची. तिचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. त्यामुळे घरात बाई, लेक आणि नात, अशा तिघी. नात पाण्यात पाय फार झाडायची म्हणून बाई तिला बेडकी म्हणायच्या. तलावाची खोल बाजू एका दमात पार करशील त्या दिवशी शिट्टी मारायला मी येणार, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

पण बाईंची छाती साथ देईना. ज्या बाईनं शेकडो जणींना श्वास शिकवला, तिला जिना चढताना दोनदा थांबावं लागायला लागलं. मग त्या अंथरुणालाच खिळल्या. डॉक्टर लेकीला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. जवळ असा, तेवढं पुरे." लेकीनं डोळे पुसले, आत आली आणि मला आईच्या गळ्यात अडकवलं.

"काहीही लागलं तरी वाजवायची. मी मागच्या खोलीत असले तरी येईन."

बाईंनी वाजवलीही. पाणी हवं, उशी सरकली, पडदा बाजूला कर. एकदा तर डॉक्टर उशिरा आले म्हणून त्यांच्यावर एक लांब वाजवली. दर वेळी लेक धावत यायची. महिनाभरात ती निम्मी झाली. चमच्यानं आईला दूध पाजता पाजता बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. बाई चमचा हळूच तिच्या हातातून काढून घ्यायच्या.

एका दुपारी लेक कामावरून आली, आईचं सगळं केलं आणि म्हणाली, "पाचच मिनिटं पडते. लागलं तर वाजव हं." मागच्या खोलीत तिनं पाठ टेकली न टेकली तोच घोरणं ऐकू यायला लागलं. बाई ते बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी खिडकीतली डबी ओढली, कापूस घेतला, घट्ट पीळ दिला, टोक दुमडलं आणि केसातल्या पिनेनं ती वळी माझ्या तोंडात कोंबली.

मला राग आला. खरंच आला.

"गप्प बस गं जरा," बाई म्हणाल्या. "झोपू दे तिला."

मग मला मुठीत धरून त्या पडदा हलताना बघत राहिल्या. त्यांनी मला ओठाला लावलंही नाही. श्वास सोडत राहिल्या, सावकाश, शिकवायच्या तस्सा. चारला लेक दचकून उठली तेव्हा बाई गेलेल्या होत्या आणि मी त्यांच्या मुठीतच होते.

त्या मुठीनंच घोटाळा केला.

"तिनं वाजवली असणार," लेक शेजारच्या काकूंना सांगायची. "हातात होती हो. आणि मी घोरत पडले होते."

"अगं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना?"

"ते वेगळं, काकू. तिनं मला हाक मारली आणि मी गेले नाही."

मला तिनं पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिची दुपारची झोप उडाली. कामावरून आली की दोन ते चार ती रिकाम्या पलंगाशेजारी खुर्चीत ताठ बसून राहायची. मी हाताच्या अंतरावर होते. जन्मभर नको तिथे बोंबलले, आणि आता एक शब्द बोलायला हवा होता तर तोंडात कापूस.

दोन महिन्यांनी नातीची खोल बाजूची परीक्षा ठरली. आदल्या दिवशी दुपारी तिनं ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढलं आणि फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. मग तिनं मला डोळ्याशी धरलं, आजीची पिन आणली आणि उकरायला लागली.

"आई, आजीच्या शिट्टीत कापूस आहे."

"कसला कापूस? तू घातलास?"

"मी कशाला घालू? हा बघ."

लेकीनं तो तळहातावर घेतला. घट्ट पिळलेली, टोक दुमडलेली वळी. अशी वळी त्या घरात एकाच बाईला यायची. लेक खुर्चीतून उठली ती खाली फरशीवरच बसली.

"आई, काय झालं?"

"वाजवलीच नाही गं तिनं," लेक म्हणाली. "मला झोपू दिलं." आणि मग ती रडली, इतके दिवस न रडलेलं सगळं रडली. नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. थोड्या वेळानं दोघी तिथेच फरशीवर झोपल्या, संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तलावावर नात खोल बाजूच्या काठावर उभी राहिली. तिनं मागे वळून बघितलं. लेकीनं मला ओठात धरलं आणि दोन छोट्या शिट्ट्या मारल्या. बेडकीनं उडी घेतली आणि पाय झाडत पलीकडे पोचली.

आता मी पलंगाशेजारच्या खिळ्यावर असते. बाईंच्या कापसाचा एक धागा माझ्या पोटात अजून अडकलेला आहे, त्यामुळे आवाज जरा घोगरा येतो. साफसफाईच्या नादात तो कुणी काढू नका, एवढंच मागणं आहे. बाकी माझी तक्रार नाही. दुपारी दोन ते चार लेक झोपलेली असते. तेव्हा मी आवाज करत नाही. मला तसं सांगून ठेवलंय.